कवडीचं गाव

माझ्या मावसाजींइतकी समुद्राची काळजी खुद्द समुद्रालाही नसेल, आणि या माणसानं सत्तराव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिलेलासुद्धा नव्हता. सौसरच्या शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, बोरगावला संत्र्याचा बगीचा पाहतात, पण जीव अडकलाय कवडीत. कवडी म्हणजे आपली साधीच, खेळातली, पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधतात ती. ते एका समुद्री गोगलगाईचं घर असतं, हे त्यांना कुठल्याशा पुस्तकात सापडलं आणि आमच्या घराण्याची शांतता संपली.

दिवाळीत आम्ही कवड्यांचा अष्टचंगा मांडला, की हे हजर. "उथळ, गरम पान्यात राहे ते. दिवसभर दगडाखाली बसे, शेवाळ खाये. अन् तुमी तिचं घर फरशीवर आपटून राहिले." शेवटी आम्ही चिंचोक्यांवर खेळायला लागलो. चिंचेच्या झाडाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, नशीब आमचं.

त्यांच्या मुलीला पाहायला पांढुर्ण्याचे पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला आणि मावसाजींनी मुलाला विचारलं, "कवडी कुठं राह्यते?" मुलगा बिचारा म्हणाला, "डब्यात." स्थळ मोडलं. मावशी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पुढच्या मुलाला मी आदल्या दिवशीच गाठून पढवून ठेवलं. "समुद्रात, दगडाखाली," तो घडाघडा म्हणाला आणि जावई झाला. मावसाजींना हे अजून माहीत नाही. आता छापून आल्यावर काय व्हायचं ते होवो.

मग त्यांचा शेवटचा बैल, मंग्या, म्हातारपणानं गेला आणि गोठ्यात ट्रॅक्टर आला. खुंटीवर मंग्याची कवड्यांची माळ तेवढी राहिली. मावसाजींनी एकच धरून ठेवलं, या कवड्या त्यांच्या घरी नेऊन सोडायच्या. मावशीनं त्या बैलाला दर पोळ्याला आपल्या हातानं पुरणपोळी भरवलेली. ती रडकुंडीला यायची. "मंग्या गेला, आता त्याची माळबी धाडून राहिले काय तुमी?"

गेल्या वर्षी जावयाची बदली रत्नागिरीला झाली. मावसाजी मला घेऊन निघाले, आणि पिशवीत मावशीला न सांगता माळ. ओहोटीला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते खडकांत उतरले. तासाभरानं एका दगडाखाली ती दिसली, जिवंत. अंगाची ठिपकेदार झालर तिनं कवडीवर पांघरली होती. मावसाजींनी बोट लावलं तशी झालर हळूहळू आत गेली आणि कवडी लखलखली. इतकी वर्षं आम्हाला पिडणाऱ्या या माणसानं दगड होता तसाच अलगद ठेवला आणि पुटपुटला, "घरीच हाय."

"मावसाजी, सोडा ना आता माळ," मी म्हणालो.

त्यांनी ती काढली. दोऱ्यात मंग्याचे दोन पांढरे केस अजून अडकलेले होते. बराच वेळ पाहिलं आणि पिशवीत परत ठेवली. "या कवड्यायले इथं आता कोन ओळखते, बाबू? सारी जिंदगी मंग्याच्या गळ्यात गेली. यायचं गाव आता बोरगावच."

घरी येऊन त्यांनी गुपचूप माळ खुंटीला अडकवली. मावशीनं इतके दिवस ती रिकामी खुंटी पाहिलेली होती. ती आता रागावणार, असं मला वाटलं. पण ती पदरानं एकेक कवडी पुसायला लागली.

"हळू पूस," मावसाजी म्हणाले, "माहेरी जाऊन आल्या त्या."