मुरमातली वांगी

शेलूबाजारला आमची पिठाची चक्की होती. यजमान शेत बघायचे, म्हणून लग्नानंतर चक्की मीच चालवली. पट्ट्याची घरघर आणि तिच्यावरून ओरडून बोलणारी गिऱ्हाईकं, यातच उमर गेली. एका सकाळी वीज नव्हती, चक्की बंद होती, तरी कानात बारीक शिट्टीसारखं काहीतरी वाजत होतं. बाहेर काय चालू आहे, असं मी यजमानांना विचारलं. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

वाशीमच्या डॉक्टरांनी कान तपासून स्पष्ट सांगितलं, हा आवाज बहुतेक जाणार नाही, त्याच्याकडे लक्ष न देण्याची सवय करा. परतताना जीपमध्ये मी त्यावरच विचार करत राहिले. जो आवाज आपल्याच डोक्यात आहे, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही म्हणजे नेमकं करायचं काय?

घरघरीनं कान आणखी बिघडू नयेत म्हणून चक्की पुतण्याकडे सोपवली. घरातल्या शांततेत शिट्टी जास्तच मोठी वाटू लागली. झोप उडाली. साध्या बोलण्यावरही मी खेकसू लागले.

आमच्या शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहतात. त्या रोज पहाटे ध्यानाला बसतात. माझी दशा पाहून त्यांनी मला शेजारी बसवलं आणि श्वास येतो-जातो तेवढाच पाहायला शिकवलं. पण डोळे मिटले की श्वास कुठला, नुसती शिट्टी. काही दिवसांनी मी सरळ सांगितलं, मला जमत नाही. त्या रागावल्या नाहीत.

"बसून जमत नसन तं हातानं काही कर," त्या म्हणाल्या. "पण करशीन तवा मनानं बी तिथंच राह्य."

घराच्या मागे रिकामी जागा होती. बांधकामाच्या वेळी तिथं मुरमाचा भराव टाकलेला, गवतही नीट उगवत नव्हतं. तिथंच भाजी लावायची, असं मी ठरवलं.

"आपलं काळं वावर पडलं असताना तू या मुरमासंगं काहून भांडून राह्यली?" यजमानांनी विचारलं.

"वावर तुमचं हाय. हे माह्यं राहू द्या."

मग त्यांनी बैलगाडीतून काळी माती आणि शेणखत आणून टाकलं. पण मुरूम फोडायची लोखंडी सब्बल मी कुणाच्या हातात दिली नाही. मुरूम ठणठण वाजायचा, हाताला फोड यायचे. रोज थोडं उकरायचं, मुरूम घमेल्यानं बाहेर टाकायचा, माती भरायची. असा एक वाफा तयार झाला. त्यात मेथी टाकली, वांग्याची रोपं लावली.

मेथी छान आली. वांग्यांचे शेंडे मात्र अळीनं पोखरले आणि माना टाकू लागले. यजमान फवारणीचा पंप घेऊन आले, मी परत पाठवला. मला फवारून मोकळं व्हायचं नव्हतं. ती रोपं हातची गेली, तेव्हा पुन्हा रोपं तयार केली. या वेळी सकाळी पहिलं काम ठरलं. एकेक रोपापाशी बसायचं, प्रत्येक पान उलटून पाहायचं, सुकलेला शेंडा दिसला की खुडून जाळायचा.

एके सकाळी नर्सबाईंनी कुंपणावरून माझ्या खांद्याला हात लावला. मी दचकले.

"कवाची हाका मारून राह्यली तुले," त्या म्हणाल्या.

मी पानाखालची बारीक पिवळी अंडी पाहत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतका वेळ शिट्टी नव्हती. ध्यानात आलं आणि ती लगेच सुरू झाली. हे मी त्यांना सांगितलं.

"आवाज कुठंच गेला नव्हता, बाई," त्या म्हणाल्या. "तू दुसरीकडं होती."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम शांतता शोधायलाच वाफ्यात गेले. दिवसभर शिट्टी वाजली. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. जायचं ते पानांसाठी, शांततेसाठी नाही. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई झाली, तेव्हा भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून मी ती झाडं जगवली.

वांगी लागली. पहिलं भरीत यजमानांनी खाल्लं आणि हात धुताना विचारलं, त्या कोपऱ्यात वालाचा वेल चढवू का? चढवा, म्हटलं, पण खड्डा तुमीच खोदा.

शिट्टी आजही आहे. रात्री कधी कधी फार छळते, तेव्हा मी उठून पाणी पिते आणि उजाडायची वाट पाहते. अजून अर्ध्या जागेत मुरूमच आहे. पाऊस पडून तो थोडा सैल झाला की पुढचा वाफा काढणार आहे.