खाटेवरचा उजेड

सोलापुरात त्याला सगळे नुसतं लाइटवाला म्हणत. कॉलेजच्या गॅदरिंगला तो दिव्यांच्या कन्सोलपाशी बसून दिवे गरागरा फिरवायचा. आमच्या नाटकात मात्र त्यानं एकही दिवा हलवला नाही. मी मरणारा बाप होऊन खाटेवर पडलो, की माझ्यावरचा उजेड श्वासासारखा वाढायचा, उतरायचा. बोटानं बटण फिरवत तो वेग कमी करत न्यायचा आणि शेवटी अंधार.

तालमीनंतर मी विचारलं, "हे कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचलं न्हाय. आईचा श्वास असाच थांबला की. मी उशाला हुतो."

दुपारचा प्रयोग संपला. मेकअप उतरवून आलो, तर तो सोडून सगळे गेले होते. रिकाम्या खाटेवर उजेड अजून वर-खाली होत होता. त्याचं बोट बटणावरच होतं, पण वेग तो कमी करत नव्हता.