साठ टक्के पाऊस आणि अक्कांची बनीम

आमच्या हवामान सल्ल्याच्या ऑफिसात पाऊस कमी, किस्से जास्त साठतात! बसवकल्याणकडच्या गावांना रोज मराठीत व्हॉइस मेसेज पाठवायचं काम माझं. आणि मी कशी? खुर्ची सरकली तरी दचकणारी!

पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सर, एकच पक्कं उत्तर नाही का काढता येत?"

सरांनी स्क्रीनवर रेघांचा गुंता दाखवला. "सुरुवात जराशी बदलून मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतो. रेघा जवळ राहिल्या तर खात्री, फाकल्या तर शंका."

"म्हणजे माझं डोकंच की!"

"फरक एवढाच, ह्याला लाईट लागते."

*

मुडबीच्या शांताअक्कांनी सोयाबीन कापून शेतात बनीम रचलेली. मळणी यंत्राची पाळी काही येईना. हा ढीग भिजला की दाणा काळा, वर्ष पाण्यात. अक्का बनीम सोडून सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेल्या नाहीत! बनिमीजवळ बसूनच मला फोन, "पोरी, पडतोय का न्हाई उद्या?"

"साठ टक्के शक्यता आहे, अक्का."

संध्याकाळी फोटो आला. निम्म्याहून जास्त बनीम ताडपत्रीखाली, बाकीची उघडी! "साठ म्हणलीस, साठ झाकलं."

"अहो, सगळी झाका!"

"मग शंभर म्हणायला काय झालतं?"

*

मग मी नीट समजावलं. "अक्का, असं आभाळ दहादा आलं, तर सहादा पाऊस पडतो."

"व्हय? आन् ह्ये त्यातलं कितवं हाय?"

फोन स्पीकरवर होता. सर हळूच म्हणाले, "कळलं तर मलाही सांग."

*

शेवटी अक्कांनी टक्क्यांचा नादच सोडला. म्हणाल्या, "आता मेसेज लावला की आमी आकडा आयकतच न्हाई. तुजा आवाज कापायलाय का, तेवढं बघताव. कापला की ताडपत्री!"

तेव्हापासून सर मला रोज सकाळी गरम पाणी पाजतात. माझा घसा बसला तर चार गावं झाकली जातील म्हणे!

*

परवा आभाळ निळंशार. सगळ्या रेघा एकमेकींना चिकटलेल्या. मी ऐटीत रेकॉर्डिंग सुरू केलं, "उद्या पाऊस जवळजवळ..." आणि छतावरची पाल थेट मनगटावर! मी किंचाळले, बटणावरचं बोट सुटलं, आणि किंकाळीसकट मेसेज गेला!

पुन्हा नीट रेकॉर्ड करून पाठवला. पण तो ऐकतंय कोण?

दुपारी ऑफिसच्या दारात शांताअक्का. दोन बस बदलून, धापा टाकत.

मी धावतच दारात गेले. "अक्का! बनीम?"

"झाकली सगळी. पाऊस ऱ्हाऊ दे तिकडं." त्यांनी सरांकडे डोळे वटारून पाहिलं. "कुणी रडवलं तुला?"