थोरली, धाकटी आणि व्यंकटराव सर

व्यंकटराव सर पहिल्यांदा माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले ते जाडजूड पुस्तकांचं गाठोडं छातीशी धरून. धाराशिवात मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते, ते मुलांच्या शाळेत भूगोल. "बाई, तुमचं गणित पक्कं आहे म्हणतात. मला दोन देश मोजायचेत," ते म्हणाले.

ते दोन देश म्हणजे सिलोन आणि आयर्लंड. दोन्ही लहान, दोन्ही बेटं. दरवर्षी बाहेरून किती भांडवल आलं, किती बाहेर गेलं आणि शिल्लक काय राहिली, हे वर्षांमागून वर्षं शेजारी शेजारी मांडायचं होतं. सर सिलोनला थोरली आणि आयर्लंडला धाकटी म्हणत, जणू दोघी एकाच घरात दिलेल्या बहिणी. "थोरलीकडं यंदा पाव्हणे आले लई, पण मुक्कामाला कुणी राहिलं न्हाय," असं बोलत.

ते हैदराबादला उर्दूतून अर्थशास्त्र शिकले होते. विलीनीकरणानंतर त्या शिक्षणाला कुणी विचारेना. पुण्याच्या मासिकात एक लेख यावा, एवढीच त्यांची आस होती. दोन वर्षं आम्ही रविवारी वाचनालयात बसलो. ते जवळच्या बेंबळी गावच्या भुईमुगाच्या शेंगा टेबलावर ओतत. "खात खात बेरीज करा, बाई. उपाशी माणसाचा हिसाब चुकतो." आकड्यांवर मी घाईनं मत दिलं की हसत, "आकड्याला आधी बोलू द्या. आपण मधी तोंड घालायचं न्हाय." विचार कसा करायचा, हे मला त्या टेबलानं शिकवलं.

लेख पुण्याला गेल्यावर मला चूक सापडली. थोरलीच्या रकान्यात सरांनी बँकांतल्या थोड्या मुदतीच्या ठेवी धरल्या होत्या, धाकटीच्या रकान्यात नव्हत्या. दोन्हीकडं सारखं मोजलं, तर दोघींतल्या ज्या फरकावर लेख उभा होता तो जवळजवळ नाहीसाच होत होता. मी नवा तक्ता करून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला.

"लई वर्षं वाट बघितली, बाई. आधी छापून येऊ द्या. मग दुरुस्ती पाठवू."

मी मान डोलावली. लेख आला. त्यावर एकट्या सरांचं नाव होतं. मला वाईट वाटलं, पण त्यांनी वाटलेले पेढे मी आनंदानं खाल्ले.

पुढच्या अंकात एका प्राध्यापकांनी नेमकी तीच चूक दाखवली. सरांनी उत्तर धाडलं, तेही छापून आलं. माझा तक्ता जसाच्या तसा होता. वर लिहिलं होतं : 'तक्ते करणाऱ्या येथील एका शिक्षिकेच्या अनवधानाने ही चूक राहिली. मी ती शोधून दुरुस्त केली आहे.'

धाराशिवात गणिताच्या शिक्षिका होत्या किती? मुख्याध्यापिकांनी मॅट्रिकचा वर्ग माझ्याकडून काढून घेतला. "गावात चर्चा आहे, बाई," एवढंच म्हणाल्या.

मी सरांच्या घरी गेले.

"तुमचं नाव कुठं घेतलंय मी?" ते नजर न उचलता म्हणाले. "तुमचं वय आहे, पुन्हा कमवाल. माझं काय राहिलंय?"

"चूक कुणाची होती, सर?"

त्यांनी आत वळून चहा टाकायला सांगितलं. मी चहासाठी थांबले नाही. वर्षभरात ते बाहेरगावच्या कॉलेजात शिकवायला गेले. दिवाळीला त्यांची पत्रं येत. मी एकाचंही उत्तर दिलं नाही.

ते वारल्यावर त्यांची मुलगी मला शोधत आली. स्मरणिकेसाठी आठवण लिहून द्या म्हणाली.

"बाबा घरात नेहमी तुमचं सांगायचे. ती चूक माझीच होती, कुमुदबाईंनी पकडली, म्हणायचे. तुमच्याएवढं हुशार माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणे."

"घरात सांगायचे?"

"व्हय. कायम."

"आणि बाहेर?"

तिचा काय दोष? मी तिला बसवलं, जेवू घातलं, आणि बसला सोडायला स्टँडपर्यंत गेले. आठवण मात्र लिहून दिली नाही.