शिकलेलं कुणी नव्हतं का घरात?

माझं भाषण बऱ्याच जणांनी ऐकलं आहे. विहारात, माझ्या जुन्या शाळेत, कॉलेजच्या मुलाखतीत. टाळ्याही मिळाल्या आहेत. पण त्या भाषणात जे लपवलेलं आहे, ते मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. आईजवळ नाही, मैत्रिणीजवळ नाही. आत्ता लिहायला बसले आहे तरी हात सारखा थांबतो आहे. कुठून सुरू करू? जिथून सोपं जातं, तिथूनच करते.

आम्ही मुकुंदवाडीत राहतो, स्टेशनच्या अलीकडे. दोन खोल्या आमच्या, दोन काकांच्या, मध्ये सामाईक मोरी. पप्पा एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली, आई लोकांकडची धुणीभांडी करते, काका रिक्षा चालवतात. शोभाकाकू घरीच असते. ती शाळेत गेलेली नाही. सही करते — ती मी शिकवलेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवायला सांगत नाही... नाही, थांबा. खरं सांगायचं ठरवलं आहे ना? मिरवायचेच मी. अगदी सातवीत असल्यापासून. लाइटबिल आलं की माझ्याकडे, गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय ते माझ्याकडे. काका म्हणायचे, "आपल्याला काय कळतंय? सुजाताला विचारा." ते ऐकायला मला फार आवडायचं.

सम्यक हा काकूचा मुलगा. आता चौथीत आहे. मागच्या महिन्यापर्यंत तो कुणालाही भेटला की समोरचा माणूस आधी त्याच्या गळ्याकडे बघायचा. गळ्याच्या खळगीत एक छोटी नळी होती. श्वास तिथूनच. बोलायचं असेल तर नळीच्या तोंडावर बोट दाबायचं, मग घोगरा आवाज निघायचा. तो त्याला बटण म्हणायचा. गल्लीतली पोरं 'रिमोट' म्हणून चिडवायची, तर हा बोट दाबून म्हणायचा, "थांब, तुझाच आवाज बंद करतो." आणि मला म्हणायचा, "ताई, तू लई बोलती. बटण तुला पायजे होतं." मी हसायचे. दुसरं काय करणार होते?

नळी नवी होती तेव्हा तो रडला तरी आवाज यायचा नाही. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा — आणि खोलीत काहीच ऐकू येत नाही. म्हणून काकू त्याच्या छातीवर हात ठेवून झोपायची. हाताखाली हुंदका लागला की उठायची. त्या हाताबद्दल मी भाषणात कधी बोलले नाही.

भाषणात मी काय सांगते? आमच्या गल्लीत हातगाडीवर फिनाईल-अ‍ॅसिड विकणारा येतो. संडास धुवायचं अ‍ॅसिड कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून देतो. माझ्या लहान भावाने ती बाटली तोंडाला लावली. अडाणीपणामुळे घरात त्याला मिठाचं पाणी पाजून उलटी करवली गेली. गिळताना जळालेला घसा उलटीने पुन्हा जळाला, अ‍ॅसिड श्वासनलिकेत उतरलं. त्या दिवशी मी ठरवलं — मी शिकणार, आणि माझ्या माणसांमधलं अज्ञान दूर करणार.

इथे टाळ्या येतात.

आता मी समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या मॅडम डॉक्टर आहेत, लहान मुलांच्या श्वासनलिकेची ऑपरेशनं करतात. अ‍ॅसिड, रॉकेल, फवारणीचं औषध चुकून प्यायलेल्या मुलांवर त्यांचं संशोधन चालू आहे — घरी आधी काय केलं, दवाखान्यात यायला किती वेळ गेला, पुढे ऑपरेशन लागलं का. या मुलांच्या आयांशी त्यांच्या बोलीत बोलायला त्यांना विद्यार्थी हवे होते. मुलाखतीत मी माझी गोष्ट सांगितली. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. माझी निवड झाली.

तर मी आयांच्या शेजारी बाकावर बसते आणि विचारते — बाई, लेकराला दवाखान्यात आणायच्या आधी घरी काय दिलं? कुणी तूप दिलेलं असतं, कुणी कच्चं अंडं, कुणी मिठाचं पाणी. कुणी सांगितलं द्यायला, हेही विचारायचं असतं. बहुतेक जणी मान खाली घालतात आणि म्हणतात, "कुणी नाय. मलाच सुचलं. आमी अडाणी मानसं." मी लिहून घेते. लिहिताना प्रत्येक वेळी मनात येतं — ही कुणाला वाचवत असेल?

आलेच मी तिथपर्यंत. आता सांगते.

मी सातवीत होते, सम्यक जेमतेम अडीच-तीन वर्षांचा. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. मोठं कुणी घरी नव्हतं, काकू सोडून. मी आमच्या खोलीत रांगोळीचं पुस्तक बघत होते. सम्यकची किंकाळी ऐकू आली. मोरीत बाटली आडवी पडलेली, फरशीवर फेस, त्याच्या ओठांवर पांढरे चट्टे. काकूने धावत येऊन त्याला उचललं. आणि मला आठवला शाळेतला प्रथमोपचाराचा धडा. विषबाधा झाल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवावी. मुद्दा दुसरा. पाठ होता.

काकू म्हणाली, "नगं गं सुजा, आधी दवाखान्यात नेऊ."

मी म्हणाले, "काकू, तुला नाय कळत. पुस्तकात दिलंय."

माझ्याच्याने ते वाक्य अजून मोठ्याने म्हणवत नाही. तुला नाय कळत. ते मी कुणाकडून शिकले होते? काकांकडूनच. पण तोंड माझं होतं.

ग्लासात मीठ मी कालवलं. सम्यक काकूच्या कडेवर होता, म्हणून पाजलं तिने. तो ओकला, खोकला, पुन्हा ओकला. काकूच्या पदरावर पडलं तिथे पदराला भोकं पडली. मग त्याच्या श्वासातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. शेजारच्या मामूंच्या रिक्षातून आम्ही निघालो, तेव्हा तो निळा पडत चालला होता.

डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन नळी बसवली, म्हणून तो वाचला. नंतर ते बाहेर आले. फार थकलेले होते आणि चिडलेले. "उलटी कुणी करवली याला? अ‍ॅसिड प्यायलेल्या पोराला उलटी करवतात का? शिकलेलं कुणी नव्हतं का घरात?"

मी तिथेच उभी होते. ती बाटली पिशवीत घालून मीच हातात धरली होती. काकूने एकदा माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा.

"नव्हतं, साहेब," ती म्हणाली. "म्याच पाजलं. अडाणी हाय मी."

मी फरशीकडे बघत राहिले.

मग दवाखान्याच्या जिन्यात ती मला हळूच म्हणाली, "तू शीक. तुझं नाव नगं यात." असंही नाही की मी मागितलं आणि तिने दिलं. तिने दिलं आणि मी घेतलं — डब्यातली शेवटची भाकरी कुणी आपल्याकडे सरकवावी आणि आपण ती मुकाट्याने खाऊन टाकावी, तसं. तिने सरकवली म्हणून मी खायलाच हवी होती का?

घरी आल्यावर मी धडा उघडला. तिसरा मुद्दा होता — अ‍ॅसिड किंवा रॉकेल पोटात गेल्यास उलटी करवू नये. त्याच्यापुढे माझ्याच पेन्सिलची फुली होती. परीक्षेला दोन मुद्दे पुरेत, असं सर म्हणाले होते, म्हणून मी तो सोडला होता.

मी लहान होते, घाबरले होते, असं तुम्ही म्हणाल कदाचित. मीही म्हणत आले. शाळा बंद करतील, याची भीती होती असंही मी स्वतःला सांगत आले. पण कुणी माझी शाळा बंद करणार नव्हतं. पप्पा तसे नाहीत. भीती होती ती दुसरीच. 'सुजाताला विचारा' हे परत कुणी म्हणणार नाही, ही. आणि मी काही लहानच राहिले नाही ना? मी आठवीत गेले, दहावीत गेले, कॉलेजात गेले. रोज सकाळी उठून न बोलणं मी नव्याने निवडलं.

काकांनी काकूला नळीला हात लावायला बंदी केली. "तुझ्या अडाणीपणानं एकदा झालं तेवढं बास." नळी साफ करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शिकलेली. सिस्टरनी मला शिकवलं — आतला कफ यंत्राने ओढून कसा घ्यायचा, उन्हाळ्यात नळीवर ओलं फडकं कसं ठेवायचं. काकू गुडघ्यांना मिठी मारून बाजूला बसायची आणि बघायची. बघून बघून शिकली. मी शाळेत गेल्यावर तीच करायची. स्वतःच्या लेकराची नळी — चोरून. संध्याकाळी काका विचारायचे, "नीट साफ केली का, सुजाता?" मी "हो" म्हणायचे.

दहावीनंतर विहारात माझा सत्कार झाला. तेव्हा मी पहिल्यांदा ते भाषण केलं. काकू बायकांमध्ये पुढेच बसली होती, पांढऱ्या साडीत, सम्यक मांडीवर. 'अडाणीपणामुळे' हा शब्द म्हणताना माझी नजर तिच्यावर गेली. मी थांबू शकले असते. शब्द बदलू शकले असते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या. घरी येताना म्हणाली, "छान बोललीस गं." मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होते. राग दिसला असता तर बरं वाटलं असतं मला — बघा, तिथेही मला काहीतरी हवंच होतं.

एकदा मी मॅडमना विचारलं, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं — उलटी करवली नसती तर घसा वाचला असता का हो? त्या म्हणाल्या, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. पितानाही बरंच जळालेलं असू शकतं. आणि मला काय वाटलं माहीत आहे? हलकं. संध्याकाळपर्यंत मी हलकी होते. घरी आले तर सम्यक बोट दाबून पाढे म्हणत होता.

या वर्षी मॅडमनी त्याचं ऑपरेशन केलं. बरगडीजवळचा कूर्चेचा तुकडा काढून अरुंद झालेली श्वासनलिका रुंद केली. मागच्या महिन्यात नळी निघाली. आता गळ्यावर छोटी पट्टी आहे. बोलताना अजून त्याचं बोट सवयीने वर जातं, मग आठवतं आणि खाली येतं.

नळी निघाल्यावर आठवड्याभराने मॅडमनी पालकांसाठी कार्यक्रम ठेवला. सम्यकच्या आईने दोन शब्द बोलावेत, असं त्यांना वाटलं. काकूला माइक धरता येईना, तोंडापासून लांब जायचा. मी धरला.

"मी शोभा," ती म्हणाली. "शाळा शिकले नाय. माझ्या लेकरानं अ‍ॅसिड पिलं, तवा म्या अडाणीपणानं मिठाचं पाणी पाजलं. तुमी नका पाजू. बाटली घ्या अन् पळा." बायका पदराने डोळे पुसत होत्या. ती अडखळली नाही. इतकी वर्षं म्हणून म्हणून तिलाही ते पाठ झालं होतं. माइक माझ्या हातात होता. माझं तोंड त्याच्यापासून वीतभर लांब.

सम्यक पहिल्या रांगेत बसून ऐकत होता.

त्या संध्याकाळी काकू मेथी निवडत होती, मी शेजारी होते. तो समोर येऊन उभा राहिला. बोट वर गेलं, खाली आलं. "मम्मी, तू मला कशाला पाजलं?"

काकूचे हात थांबले नाहीत. "कळलं नाय रे राजा तवा."

"बरं," तो म्हणाला. मोठ्या माणसासारखं.

तेव्हापासून तो तिच्या हातून पाण्याचा ग्लास घेत नाही. रागाने नाही. ती ग्लास पुढे करते, तो म्हणतो, "ठेव, मी घेतो नंतर." मग स्वतः उठून माठातून दुसरं घेतो. हे मला दिसतं. काकूलाही दिसतं. तिने भरलेला ग्लास तसाच राहतो, आणि थोड्या वेळाने तीच तो पिऊन टाकते.

हे आधी त्या दोघांना सांगायला हवं होतं. मी तुम्हाला सांगते आहे, तुम्हाला मी ओळखतही नाही. हाही भित्रेपणाच. उद्या सम्यकला सांगेन, असं इथे लिहायला माझा हात धजत नाही. असं मी पुष्कळदा ठरवलेलं आहे.

आणि वर मी सांगितलं, तेही पुरतं सांगितलं नाही. 'आधी दवाखान्यात नेऊ' हे काकू घरात उभी राहून म्हणाली नव्हती. ती केव्हाच बाहेर पडली होती. त्याला खांद्यावर टाकून, अनवाणी, पार गल्लीच्या तोंडापर्यंत. मामू घरीच होते, त्यांची रिक्षा समोर उभी होती, ती त्यांना हाका मारत होती. मामूंनी रिक्षा चालूही केली होती.

मी दारातून ओरडले. "काकू, परत ये."

ती थांबली. रिक्षाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं — घरातल्या शिकलेल्या मुलीकडे.

आणि परत आली.