बाईंच्या पुस्तकातली काडी

वाचनालयात त्यांना सगळे निकालमावशी म्हणत. पुस्तक परत करताना त्या ते नुसतं टेबलावर ठेवून निघून जात नसत, आधी त्याचा निकाल लावत. "नापास," असं म्हणायच्या आणि मग कारणं सांगायला घ्यायच्या. तोवर मागे रांग खोळंबलेली. रांगेतल्या बायका कुरकुरत, पण कान टवकारून ऐकतही, कारण मावशींनी नापास केलेलं पुस्तक हट्टानं घरी नेऊन पस्तावलेल्या त्यांच्यात बऱ्याच जणी होत्या. मावशी तोंडदेखलं बोलत नाहीत, एवढीच काय ती त्यांची गावातली इस्टेट. बाकी मुलाच्या घरात मधल्या खोलीतली एक कॉट आणि कपाटातले दोन खण.

नव्या प्रेमकादंबऱ्यांवर तर त्यांनी डूखच धरला होता. तरी एकही सोडायच्या नाहीत.

"नायिका बघावी तर केकचं दुकान काढून बसलेली," त्या काउंटरवरच्या मुलीला सांगायच्या. "पहाटे उठून भांडी घासताना एक दिसेल तर शपथ. नायक आधी तिच्यावर खेकसणार, मग दोघं प्रवासात अडकणार, आणि लॉजमध्ये नेमकी एकच खोली रिकामी. जगातल्या सगळ्या लॉजवाल्यांनी काय कट केलाय का गं?"

"मावशी, हळू. लोक वाचतायत."

"वाचू दे की. आणि तो पांढरा शर्ट! पानापानावर पांढरा शर्ट. त्याला इस्त्री कोण करतं, ते एकीनंही लिहिलेलं नाही. या पुस्तकात तर तो तिच्या झग्याची पाठीमागची बटणं एकेक करून काढतो म्हणे. अगं, तसल्या झग्याला बटणं नसतात, बारीक हूक असतात. अंधारात ते सोडायचे तर वर्षानुवर्षांची सवय लागते बोटांना. हा मेला बँकेतला माणूस. याला कुठून जमणार?"

मुलगी हसून लोटपोट व्हायची. पण हुकांचं ज्ञान मावशींना आलं कुठून, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. एका नामवंत नटीचा कपडेपट त्यांनी उमेदीची सगळी वर्षं सांभाळला होता. दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात विंगेत उभं राहून एक पोशाख उतरवायचा, दुसरा चढवायचा, आणि उजेड पडायच्या आत बाईंना रंगमंचावर ढकलायचं. हातात झगा, ओठांत टाचण्या. त्या नटीचा उल्लेख त्या अजूनही नुसता 'बाई' असाच करत.

प्रसिद्ध माणसांची आत्मचरित्रं त्यांना प्रेमकादंबऱ्यांहून खोटी वाटत. "पहिल्या प्रकरणात गरिबी, दुसऱ्यात अपमान, तिसऱ्यापासून परदेश," असा त्यांचा हिशेब होता. "आणि प्रत्येकाचं एकच पालुपद, मला कोणाचीच साथ नव्हती. अरे, मग तुझी गाडी कोण चालवत होतं? तुला जेवायला कोण वाढत होतं? कुत्र्याचं नाव लिहितात, त्याच्या आजारपणावर दोन पानं लिहितात. स्वयंपाकीण मात्र 'आमच्याकडची बाई'. नापास!"

हे बोलताना मावशींचा आवाज चढायचा. मग जरा थांबून त्या म्हणायच्या, "आमच्या बाई लिहितील ना, तेव्हा बघा. त्या तशा नाहीत. त्यात मी असेन."

ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की रांगेतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. सून घरी थट्टा करायची, "आई, तुमच्या बाईंचं पुस्तक आलं की आधी मला दाखवा हं, सही घेईन तुमची." सून वाईट नव्हती. पण ती मावशींना ओळखायची ती गुडघे धरून उठणारी, उशीजवळ पुस्तकांची चळत ठेवणारी सासू म्हणून. त्याआधीच्या मावशी तिनं पाहिलेल्याच नव्हत्या. मावशींना ते पुस्तक हवं होतं ते त्यासाठी. कोणीतरी छापून सांगावं, की ही बाई होती आणि तिच्या हाताला कसब होतं.

आणि एकदाचं ते पुस्तक आलं. वाचनालयातल्या मुलीनं प्रामाणिकपणे पहिला नंबर मावशींचा लावला.

मावशींनी आधी फोटो पाहिले. एका फोटोत बाईंच्या कमरेजवळ टाचण्यांच्या उशीवर टेकलेला एक हात दिसत होता, मनगटापर्यंतच. हात त्यांचाच होता, पण तो त्यांच्याशिवाय कोणाला ओळखू येणार? मग त्या वाचायला बसल्या. गरिबी आली, अपमान आला, परदेश आला. कुत्राही आला. मावशी भराभर पानं उलटत होत्या. सून कामावर निघताना डोकावली, "सापडलं का हो नाव?"

"वाचतेय अजून," मावशी म्हणाल्या.

दुपारी तो उतारा सापडला.

'काडी माझा कपडेपट सांभाळायची. तिच्या ओठांत कायम टाचण्या असत, त्यामुळे तिचा आवाज कसा होता, ते मला आज आठवतही नाही. पण अंधारात तिची बोटं पाठीवरून फिरली की वाटायचं, आता काही बिघडणार नाही. काडी वारली, हे मला दौऱ्यावर असताना कळलं. त्या दिवशी मी प्रयोग केला, पण पाठीला एकही हात ओळखीचा लागला नाही. मी तिचे आभार कधी मानले नव्हते. आज मानते आहे.'

काडी म्हणजे त्याच. तेव्हा त्या इतक्या किडकिडीत होत्या की बाईंनी पहिल्याच दिवशी ते नाव ठेवलं. या गावात मात्र ते त्यांनी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. आता त्यांच्याकडे बघून कोणी काडी म्हणालं असतं, तर रांगेतल्या बायका पोट धरधरून हसल्या असत्या.

मावशींनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. आधी त्यांना रडू आलं ते आनंदानंच. पुस्तक नापास होतं, पण हा एवढा उतारा अस्सल होता. इतकं चांगलं त्यांच्याबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं, नवरासुद्धा नाही. आणि मग तो एक शब्द छातीत रुतून बसला. वारली.

घोळ कसा झाला असेल, ते त्यांना लगेच कळलं. काम सोडून त्या मुलाकडे आल्या, आणि इथं त्यांचा नवरा गेला. काडीच्या घरी मयत झालं, ही बातमी नाटकमंडळींत या तोंडून त्या तोंडी जाताजाता काडीच गेली असं झालं असणार. त्या मंडळींना कुठलीही बातमी जशीच्या तशी पुढे देणं जमायचंच नाही.

बाईंच्या घरचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. रोज सकाळी त्याच नंबरवर फोन करून त्या बाईंच्या स्वयंपाकिणीकडून विचारून घ्यायच्या, आज कुठला पोशाख काढू? नंबर बदललेला नव्हता. फोन बाईंनीच उचलला.

"बाई, मी काडी बोलतेय."

"कोण?"

"काडी. कपडेपटवाली. मी आहे, बाई. गेले ते आमचे हे."

पलीकडून करडा आवाज आला, "हे बघा, अशी चेष्टा करू नये. ती माझ्या फार जवळची होती."

"तुमचा डावा खांदा उतरता आहे," मावशी घाईघाईनं म्हणाल्या. "प्रत्येक पोशाखात त्या बाजूला मी कापसाची घडी शिवायचे. तुम्ही म्हणाला होतात, हे शिंप्यालासुद्धा सांगायचं नाही."

आधी बाईंचा श्वास ऐकू आला, आणि मग खरोखरीचं रडणं. "काडी! अगं, तुझा आवाज असा आहे होय? मी किती रडले होते गं तुझ्यासाठी!"

दोघी रडल्या. बाईंनी तब्येतीची चौकशी केली, मुलाची केली. मावशींना वाटलं, आता म्हणतील, ये भेटायला. त्या मनातल्या मनात सुनेला सांगायचं वाक्यसुद्धा जुळवत होत्या.

"काडी," बाई म्हणाल्या, "तू कोणाकोणाला सांगितलंस?"

"काय?"

"की तू… की तो उतारा तुझ्यावर आहे."

"अजून कोणालाच नाही."

"मग असं कर ना." बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. प्रेक्षकांना जवळ ओढायचं असलं की त्या असाच आवाज काढत. मावशींनी तो विंगेतून हजारदा ऐकला होता. "मी जिथं जाते तिथं तोच उतारा वाचते. सगळं सभागृह रडतं. आता जर कळलं की तू चांगली ठणठणीत आहेस, तर लोक म्हणतील बाकीचंही सगळं रचलेलंच असेल. समजून घे. माझ्याकडे आता तेवढंच उरलंय गं. काम कोण देतंय?"

मावशींनी ओठ आपोआप घट्ट मिटून घेतले होते, टाचण्या असल्यासारखे.

"नाही ना सांगणार?"

"नाही, बाई," त्या म्हणाल्या.

"शहाणी माझी काडी," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. भेटायला ये, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी सुनेनं विचारलं. मावशींनी सांगितलं, "नाही आलं नाव. मोठं आयुष्य त्यांचं, किती जणांची नावं घालणार?" सुनेनं पुढे थट्टा केली नाही. जेवताना तिनं आग्रहानं जास्तीचं वाढलं, आणि मावशींना ते थट्टेहून जास्त लागलं.

पुस्तक परत करायला त्या गेल्या, तेव्हा रांगेतली चष्मेवाली बाई पुस्तकाची वाटच बघत होती. तिनं ते हातात घेतलं आणि उभ्याउभ्याच चाळलं. मावशींनी वाचताना त्या पानाशी धागा घातला होता, तो काढायचा राहिला होता. तेच पान उघडलं. तिनं वाचलं, मग काउंटरवरच्या मुलीनं वाचलं. दोघींचे डोळे भरून आले.

"मावशी," मुलगी हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणत होतात कपडेपट तुम्ही सांभाळायचात. पण इथं तर दुसरीच कोणी आहे."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. चष्मेवालीनं सुद्धा मान वळवली.

मावशी म्हणाल्या, "मी मदतीला असायचे. खरं काम तिचं."

"म्हणजे ओळखत होतात तिला? कशी होती हो?"

"बारीक होती," मावशी म्हणाल्या. "फार बोलायची नाही."

"आणि पुस्तकाचा निकाल?" मुलीनं विचारलं. रांगेतल्या बायका पुढे झुकल्या, कारण या निकालाची सगळ्यांनाच उत्सुकता होती.

आजवर मावशींनी एका पुस्तकाबद्दलही खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी पिशवीची कड मुठीत धरली.

"पास," त्या म्हणाल्या. "सगळं खरं लिहिलंय."

"ती खरंच वारली ना?" चष्मेवालीनं विचारलं.

"हो," मावशी म्हणाल्या. "वारली." मग त्यांनी समोरच्या फळीवरून हाताला आली ती प्रेमकादंबरी उचलली, पिशवीत टाकली आणि रांगेच्या कडेनं वाट काढत बाहेर पडल्या.