पेर्नेतमावशीचा जुलैतला हिवाळा

पेर्नेतमावशीला नवरा नव्हता, मूल नव्हतं, अक्षरओळखही नव्हती. होत्या त्या दोन शेळ्या आणि तोंडपाठ शंभरेक गोष्टी. मॉर्वांच्या डोंगरात तिच्यासारखं गोष्ट सांगणारं दुसरं कोणी नाही, हे तीच सगळ्यांना सांगायची.

पॅरिसचे वाल्ब्राँसाहेब लोककथा गोळा करत. त्यांची पत्रं मी तिला वाचून दाखवी, उत्तरंही मीच लिही. मठातल्या सिस्टरांनी माझं अक्षर घोटून घेतलेलं. जूनअखेरीस पत्र आलं की पुस्तक छपाईला चाललंय, लांडग्याच्या लग्नाची गोष्ट महिन्याभरात पाठवा, सांगणारीचं नाव खाली छापू.

नावाची ओळ मावशीने तीनदा वाचायला लावली आणि मग तोंड पाडून बसली. आमच्याकडे गोष्टी सांगायच्या त्या नोव्हेंबरात, सर्व संतांचा सण झाल्यावर, दिवेलागणीनंतर चुलीपाशी. उन्हाळ्यात सांगितली तर शेळ्यांचं दूध आटतं. साहेबांना तसं कळवू, असं मी म्हटलं.

"कळव की. मग त्या खालच्या गावच्या क्लोदीनचं नाव छापतील. तिच्या शेळ्या आटलेल्याच आहेत, तिला कसली भीती."

चार दिवस तिला अन्न गोड लागेना. पुढे एका दुपारी बोलावणं आलं. जाऊन पाहते तर खिडक्या बंद, दिवा लावलेला, चूल धडधडतेय आणि मावशी लोकरी शालीत. मलाही एक शाल दिली.

"हे काय, मावशी?"

"नोव्हेंबर. दार लाव, गारठा आत येतोय."

देवाला फसवणं बरं नव्हे, असं मी म्हटलं. त्यावर तिचं म्हणणं, देवाला कोण फसवतंय, शेळ्यांना फसवायचंय. गोठ्याकडच्या फटीतही तिने चिंध्या कोंबल्या होत्या.

कागदावर घाम ठिबकत होता. मला खोटं लिहिता येत नाही, म्हणून गोष्टीखाली जसं घडलं तसं लिहिलं: एकोणीस जुलै, दुपारी, बंद घरात, चुलीपुढे, लोकरी शाल पांघरून सांगितली. का, ते साहेबांनी विचारलं नव्हतं.

शेळ्या आटल्या नाहीत. वसंतात पुस्तक आलं. मावशीचं नाव होतं आणि त्याखाली साहेबांची टीप: या गावी भर उन्हाळ्यात विस्तवापुढे कथा सांगण्याची अतिप्राचीन प्रथा आहे, सूर्यपूजेचा अवशेष असावा.

मी खुलासा लिहायला बसले, तर मावशीने दौतच उचलली. म्हणाली, "टीप माझ्या नावाला चिकटलीय. ती खरवडायला गेलीस तर नावही जाईल."

आता साहेब ती प्रथा बघायला एकोणीस जुलैला स्वतः येताहेत. मावशीने आळीतल्या सगळ्या बायकांना लोकरीत यायला सांगितलंय. मला राहवेना, म्हणून पाद्रीबाबांना कन्फेशनमध्ये सगळं सांगितलं. ते जाळीपलीकडे बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, यंदाचं धरून दोन वर्षं होतात, प्रथा म्हणायला हरकत नाही.

काल मी माझी लोकरी शाल पेटीतून काढून उन्हात घातली.